आण्णांचा कॉग्निझन्स

वकिलाच्या ऑफिसात फायलींपेक्षा किस्से जास्त साठतात. फायलींचं बरं असतं, निकाल लागला की बांधून माळ्यावर टाकता येतात. किस्स्यांचा निकाल लागत नाही. कुणीतरी चहा सांगतो, कुणीतरी "मारुती, त्यो किस्सा सांग की रं" म्हणतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

मी मारुती. बेळगावच्या कोर्टात एकाच वकिलाकडं तीस वर्षं क्लार्क. तारखा डायरीत लिहायच्या, टायपिंग करायचं, कागद दाखल करायचे, आणि साहेबांच्या मागं फायली घेऊन पळायचं. साहेबांना अख्खं कोर्ट आण्णा म्हणतं, मीही आण्णाच म्हणतो. ऑफिस खडेबाजाराच्या मागच्या बोळात, जिना असा की पक्षकार वर येईपर्यंत निम्मी तक्रार विसरतो!

हे किस्से सांगताना मी पूर्वी स्वतःच आधी हसायचो. आता ओळीनं लावून सांगायला बसलो की हसू मध्येच कुठंतरी अडकतं. सगळ्यांत एकच शब्द आहे. कॉग्निझन्स. मराठीत आपण दखल म्हणतो, पण आण्णांना इंग्रजीच लागायचा.

*

आण्णांकडं नवा ज्युनिअर आला की पहिल्या दिवशी एकच परीक्षा. कोर्टासमोरच्या गाड्यावर चहा सांगायचा आणि विचारायचं, "कॉग्निझन्स म्हंजे काय?"

विद्या आली तेव्हाही हेच. विद्या निपाणीची. आई विड्या वळते, पोरगी एलएलबी झालेली, रोज सकाळच्या बसनं निपाणीहून यायची. तिनं उभ्या उभ्या पाठ म्हणून दाखवलं, मॅजिस्ट्रेटसाहेब गुन्ह्याच्या संदर्भात आपलं ज्युडिशिअल माइंड अप्लाय करतात तेव्हा अमुक, आणि तमुक.

"पुस्तक मिटव," आण्णा म्हणाले. "समज, माझ्या चहात माशी पडली. तुला दिसली. ती झाली माहिती. तू म्हनालीस, आण्णा, माशी! हा झाला कॉग्निझन्स. मी चहा ओतून टाकला, हा निकाल. लोकांस्नी वाटतं माहिती झाली की काम झालं. न्हाय! मधली पायरी चढावी लागती. कळलं?"

असं म्हणून आण्णांनी ग्लास तोंडाला लावला आणि थांबले. ग्लासात खरोखरच माशी होती!

आण्णांनी विद्याकडं बघितलं. "दिसली होती?"

"व्हय आण्णा."

"मग?"

"मला वाटलं, तुमास्नी म्हाईत असंल."

आण्णा एवढे हसले की शेजारच्या गाड्यावरचे लोक बघायला लागले. महिनाभर बाररूममध्ये हा किस्सा फिरला. एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नाही. माशी मलाही दिसली होती. मला वाटलं, विद्या सांगेल.

*

तेव्हापासून हा शब्द आमच्या ऑफिसात मिठासारखा वापरला जायचा. पंखा आवाज करायला लागला की विद्या म्हणायची, "मारुतीअण्णा, पंख्याचा कॉग्निझन्स घ्या." काकी, म्हणजे आण्णांच्या मंडळी, घरून फोन करायच्या, "ह्यांना सांगा, मोरीचा नळ गळतोय. कॉग्निझन्स घ्या म्हणावं!"

आण्णा फायलीतून मान वर न काढता सांगायचे, "तक्रार मिळाली म्हणून कळीव."

नळ दोन महिने गळत होता. शेवटी काकींनीच प्लंबर बोलावला.

*

गंगव्वा, म्हणजे आमची गंगाक्का, आली ती ह्याच दिवसांत. बेळगावातल्याच वडगावची विणकरीण, साठीच्या आतली. नवरा वारलेला. घरात एक हातमाग, आणि त्या जागेवर धाकट्या दिराचा डोळा. त्याला तिथं पॉवरलूम बसवायचा होता. नवऱ्यानं मरायच्या आधी मागावर शेवटचा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवला होता. ही त्यावर साडी विणत होती. एक दिवस ही बाजाराला गेलेली बघून दिरानं ब्लेडनं अख्खा ताणा मधोमध कापला. हजारो धागे!

पोलिसांत गेली. सहा महिने खेपा घातल्यावर तिच्या हातात एक कन्नड कागद पडला. आमच्याकडं त्याला हिंबरह म्हणतात, म्हणजे तुमच्या अर्जावर सरकारनं दिलेलं लेखी उत्तर. ती तो कागद घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवून आली होती. तिला वाटत होतं, निकालच लागला.

आण्णांनी वाचून सांगितलं, "आक्का, ह्यात लिहिलंय की तुमची तक्रार मिळाली. पण असल्या गुन्ह्याची दखल पोलिसांना आपणहून घेता येत नाही. कोर्टात जावा."

गंगाक्कानं कागदाची पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, "म्हंजे त्येंना कळलंय. पण कळलं न्हाय म्हनत्यात?"

आण्णा खुर्चीतून उठलेच. "मारुती, ऐकलंस? चाळीस वर्षं मी पोरांना हे शिकवतोय, अजून कुणी एवढं नेमकं सांगितलं नव्हतं!"

तिला भरपाई नको होती. दिराला जेलमध्ये घाला असंही ती म्हणत नव्हती. पिशवीतून तिनं कापलेल्या धाग्यांचा एक जुडगा काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "ह्ये कोर्टाला कळूदे. कुठंतरी लिवून ठेवूदेत, की गंगव्वाचा ताणा कापला. मी मेल्यावर त्यो म्हनंल, म्हातारीला भास झालता."

आण्णांनी केस घेतली. असल्या कामाला तीन वर्षांची मुदत असते. घटना झाल्यापासून तीन वर्षांत फिर्याद कोर्टात दाखल झाली पाहिजे, नाहीतर कोर्टाला कॉग्निझन्स घेता येत नाही. मुदत भरपूर होती. साक्षीला शेजारचा एक माणूस हवा होता, तो हो-नाही करत वर्षभरानं तयार झाला. मी फिर्याद टाईप केली. गंगाक्कानं अंगठा दिला, आण्णांनी सही केली.

आणि म्हणाले, "राहू दे. मीच दाखल करतो."

इथं माझ्या डोक्यात घंटा वाजायला पाहिजे होती. फायलिंग माझं काम. तीस वर्षांत आण्णांनी फायलिंगच्या खिडकीचं तोंड बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "आण्णा, नंबर काय पडला?"

"पडंल की. घाई काय?"

डायरीत मी गंगाक्काचं नाव लिहिलं. नंबरचा रकाना मोकळा सोडला.

*

त्या सुमारास फौजदारी कायदे बदलले. जुनी कलमं गेली, नवे नंबर आले. कोर्टात नुसता गोंधळ! चोरीचं कलम सांगताना जुना नंबर तोंडात यायचा, मग जीभ चावायची, मग पुस्तक उघडायचं. वकील विसरायचे, पोलीस विसरायचे, खुद्द जज्जसाहेबही हळूच मोबाईलवर बघायचे. बाररूमच्या भिंतीवर कुणीतरी जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता चिकटवला होता, तिथं रेशनच्या दुकानासारखी गर्दी असायची.

आण्णाही अडखळायचे. लोक म्हणायचे, "आण्णा, तुमी बी? मग आमचं काय!" आण्णा हसायचे. सगळे विसरत होते म्हणून त्यांचं विसरणं खपून गेलं.

एकदा हळूच मला म्हणाले, "मारुती, नव्या नंबरांचं मला काय वाटत न्हाय. जुनंच आठवंना झालंय."

मी म्हटलं, "सगळ्यांचंच तसं झालंय आण्णा."

काय बोलून गेलो मी! आण्णा तक्रार घेऊन माझ्याकडं आले होते. मी त्यांच्या हातात हिंबरह ठेवला.

*

आता तो कन्नडचा किस्सा. हा बेळगावात निम्म्या लोकांना माहीत आहे, पण चुकीचा माहीत आहे.

आण्णांचं शिक्षण धारवाडला. घरात मराठी, कोर्टात कन्नड, आणि कन्नड असं की कन्नड वकील त्यांच्याकडून मसुदे तपासून न्यायचे. एका सकाळी, म्हैसूरकडून नवेच आलेले जज्जसाहेब समोर, आण्णांचा युक्तिवाद कन्नडमध्ये मस्त रंगात आलेला. आणि मध्येच ते थांबले. पाण्याचा घोट घेतला. पुन्हा बोलायला लागले ते मराठीत!

पाच मिनिटं मराठीत. साहेबांना एक अक्षर कळेना. हॉलमध्ये कुजबुज. आमच्या गावात भाषा म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. कुणी दुकानावरची पाटी बदलली तरी चार माणसं जमतात. इथं तर भर कोर्टात, ज्येष्ठ वकील, कन्नडमधून सरळ मराठीत!

बाररूममध्ये एकानं हात हातात घेतला. "आण्णा, आज दावलंसा! मानलं!" दुसऱ्यानं पाठ फिरवली आणि आठवडाभर नमस्कार घेतला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आण्णांचा फोटो फिरला, खाली मायमराठीचा बाणा वगैरे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात दोन पाहुणे शाल-नारळ घेऊन सत्कार करायला आले. त्यांच्या पाठोपाठ आणखी दोघं निषेधाचं पत्र घेऊन आले. आमच्याकडं बाकडं एकच! चौघंही त्यावर बसले, मध्ये नारळ. आण्णांनी चौघांना चहा पाजला, चौघांच्या पोराबाळांची चौकशी केली, मराठीत दोघांची आणि कन्नडमध्ये दोघांची. शेवटी सत्कारवाले शाल ठेवून गेले आणि निषेधवाले पत्र ठेवून गेले.

मी हा किस्सा इथंच संपवायचो. लोक पोट धरून हसायचे.

सगळे गेल्यावर आण्णांनी शाल बाजूला सारली आणि मला विचारलं, "मारुती, काल मी कुठल्या भाषेत बोललो रं?"

मी म्हटलं, "कन्नडमधी, आण्णा."

*

गुंजी ह्या बेळगावपासून तासाभरावरच्या लहान स्टेशनावरून फोन आला तो दुपारी. तिथल्या चहावाल्याचा. "काळा कोट घातलेलं एक वयस्क साहेब बाकड्यावर बसल्यात. सकाळच्या गाडीनं उतरलेत. कार्डावर ह्यो नंबर होता."

मी आणि विद्या गाडी करून गेलो. आण्णा बाकड्यावर ताठ बसलेले, गळ्यात पांढरा बँड, मांडीवर फाईल. त्या दिवशी त्यांचं काम बेळगावात होतं, गुंजीशी आमचा कसलाच संबंध नव्हता. मला बघून म्हणाले, "बस मारुती. अजून पुकारा झाला न्हाय."

मी शेजारी बसलो. काय करणार? विद्या पाठमोरी उभी राहून रुळांकडं बघत होती. थोड्या वेळानं मी म्हटलं, "आण्णा, आज साहेब रजेवर हायत. चला." तेव्हा उठले.

संध्याकाळी घरी सोडलं. काकींनी दारातच त्यांचा कोट काढून घेतला, झटकला, तर डाव्या खिशातून एक चिठ्ठी पडली. माझी होती. 'हॉल नंबर तीन. साहेब नवीन, बाई आहेत. आपण फिर्यादीकडून.' मी गेले कित्येक महिने रोज सकाळी फाईल देताना ती हळूच खिशात सरकवत होतो.

काकींनी ती वाचली. उजव्या खिशात हात घालून दुसरी चिठ्ठी काढली आणि माझ्या हातात दिली. अक्षर काकींचं. 'डबा पिशवीत आहे. चष्मा वरच्या खिशात. काही सुचेना झालं तर मारुतीला विचारणे.'

"तुम्हाला कधीपासनं कळलंय?" काकींनी विचारलं.

"दीड-एक वर्ष. तुमास्नी?"

"दोन."

विद्या घराच्या पायरीवर उभी होती. ती म्हणाली, "आतल्या खिशात माझी बी हाय."

तीन चिठ्ठ्या! तिघांनी तीन खिसे भरले होते. आम्ही त्यांना इतकं नीट सांभाळत होतो, की त्यांना डॉक्टरकडं न्यायचं कुणालाच सुचलं नाही. आण्णा आत पाटावर बसून काकींना हाक मारत होते, "अगं, जेवायला वाढतीस न्हवं?"

*

त्यानंतर मी आणि विद्यानं आण्णांच्या फायली तपासायला घेतल्या. तिसऱ्या दिवशी टेबलाचा खालचा ड्रॉवर उघडला. जुन्या डायऱ्या, सुकलेली शाईची दौत, आणि सगळ्यात खाली गंगाक्काची फिर्याद. अंगठा, सही, सगळं जागच्या जागी. वर रबर लावून ठेवलेला धाग्यांचा जुडगा.

विद्यानं बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. तीन वर्षं होऊन एकोणीस दिवस झाले होते.

तुम्हाला हेही सांगितलं पाहिजे, की अमावस्येला वडगावचे माग बंद असतात, म्हणून गंगाक्का दर अमावस्येला ऑफिसात यायची. एवढा जिना चढून. आणि एकच विचारायची, "कोर्टाला कळलं का?" आण्णा म्हणायचे, "कळलंय आक्का. चालू हाय." त्यांना ते खरंच वाटत होतं. मी समोर टायपिंग करत असायचो. नंबरचा मोकळा रकाना माझ्याच डायरीत होता. मला वाटायचं, आण्णांना माहीत असेल.

एक वाट शिल्लक होती. उशीर का झाला ते कोर्टाला नीट पटवून दिलं, तर कोर्ट उशीर माफ करतं. आमच्याकडं ह्याला ठरलेलं औषध आहे. कावीळ! बेळगाव जिल्ह्यात जेवढे अर्ज उशिरा दाखल झाले, तेवढ्या वेळा पक्षकाराला कावीळ झालेली आहे. डॉक्टरही ठरलेले, सर्टिफिकेटवर फक्त नाव बदलतं.

विद्यानं अर्जाचा मसुदा केला. अमावस्येला गंगाक्का आली. विद्यानं हात जोडून सगळं खरं सांगितलं, की फिर्याद दाखलच झालेली नाही, चूक आमची आहे. मग अर्ज पुढं केला. "इथं अंगठा द्या आक्का. तुमास्नी कावीळ झालती असं लिहिलंय."

गंगाक्का रडली नाही, ओरडली नाही. तिनं धाग्यांचा जुडगा हातात घेतला आणि म्हणाली, "मला कुठं झालती कावीळ? त्यानं ताणा कापला, त्याच्या दुसऱ्या दिवशी बी मी बसले मागावर. एकेक धागा गाठी मारून जोडला, तीन महिने. मी आजारी पडले न्हाय. खोटं लिवून खरं कसं कळंल कोर्टाला?"

विद्या माझ्याकडं बघायला लागली. मी टाईपरायटरकडं. कावीळ नाही, तर खरं कारण लिहावं लागणार होतं. खरं कारण म्हणजे आण्णा. एकदा ते कोर्टाच्या कागदावर आलं की चाळीस वर्षांची वकिली त्याच दिवशी संपणार. आणि नाही लिहिलं, तर गंगाक्काचा ताणा कुणी कापलाच नाही.

"काय चाललंय?"

आण्णा आतल्या खोलीच्या दारात उभे होते. सकाळच्या वेळी ते बरे असायचे. त्यांनी टेबलावरची फिर्याद उचलली, चष्मा लावला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. स्वतःची सही बघितली. सहीखालची तारीख बघितली. भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं.

"आक्का," ते म्हणाले, "मी तुमास्नी काय सांगत होतो? दाखल केलंय म्हणून?"

"व्हय वकीलसाहेब."

आण्णा खुर्चीत बसले. "मारुती, कागद चढव. अ‍ॅफिडेव्हिट."

मी कागद चढवला. त्यांनी नेहमीच्या आवाजात सांगायला सुरुवात केली. "मी, वय वर्षं बहात्तर, धंदा वकिली, शपथेवर सांगतो की, ह्या कामी झालेला उशीर फिर्यादीकडून झालेला नाही. फिर्यादीनं वेळेत सर्व कागद माझ्याकडं दिले होते. उशीर माझ्याकडून झाला. कारण की, माझी स्मरणशक्ती..."

माझी बोटं थांबली.

"थांबू नको रं."

मी टाईप केलं.

"ही गोष्ट मला आज रोजी समजली," आण्णा म्हणाले. मग पुढं, "माझ्या ऑफिसातल्या व घरच्या लोकांना ती पूर्वीपासून..." त्यांनी आमच्याकडं बघितलं. आधी विद्याकडं, मग माझ्याकडं. एवढं स्वच्छ त्यांनी कित्येक महिन्यांत बघितलं नव्हतं.

"ते राहू दे," ते म्हणाले. "शेवटची ओळ खोड."

*

सुनावणीच्या दिवशी आण्णांनी वकीलपत्र सोडलं. काम विद्यानं चालवलं. आण्णा काळा कोट न घालता, नुसत्या पांढऱ्या शर्टात आले. गळ्यात बँड मात्र सवयीनं बांधलेला होता, तो त्यांच्याकडून सोडवून घ्यायला काकींनाही जमलं नाही म्हणे. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले. ज्या पिंजऱ्यातल्या माणसांना चाळीस वर्षं घाम फोडला, त्याच्या आत पहिल्यांदा.

दिराचा वकील हरकत घ्यायला उठला होता. एकेकाळी आण्णांकडंच शिकलेला. अ‍ॅफिडेव्हिट त्याच्या हातात गेलं. त्यानं वाचलं आणि हरकत न घेताच खाली बसला.

जज्ज बाई होत्या, विद्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, ह्यात काय लिहिलंय ते तुम्हाला समजतंय का? कुणी दबाव आणलाय का?

आण्णांनी कन्नडमध्ये उत्तर दिलं. अगदी पूर्वीसारखं, धारवाडी, एक शब्द इकडचा तिकडं नाही. सगळं समजतंय, असं म्हणाले. आज समजतंय तोवर लिहून घ्यावं, अशी विनंती केली. मला त्या वेळी वाटलं, उगाच आणलं ह्यांना, हे तर ठणठणीत आहेत. एवढ्यात आण्णा पिंजऱ्यातून उतरले आणि सवयीनं वकिलांच्या टेबलाकडं जाऊन विद्याच्या खुर्चीवर बसले. विद्या उभीच राहिली. पुढचं सगळं काम तिनं उभ्यानं चालवलं.

उशीर माफ झाला. गंगाक्काची शपथेवर जबानी झाली. तिनं जुडगा दाखवला, बाईंनी तो हातात घेऊन बघितला. मग स्टेनोला हुकूम सांगितला. कॉग्निझन्स टेकन.

गंगाक्कानं माझी बाही ओढली. "काय म्हनाल्या?"

"कळलं म्हनाल्या, आक्का. कोर्टाला कळलं."

"लिवलं?"

"लिवलं."

तिनं पदर डोक्यावर घेतला, पिंजऱ्याच्या लाकडाला हात लावून नमस्कार केला आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. दिराकडं तिनं एकदाही बघितलं नाही.

आम्ही बाहेर आलो. त्याच गाड्यावर चहा सांगितला. आण्णांनी गळ्यातला बँड सोडला, घडी घातली आणि ती विद्यापुढं धरली. घ्यावी की नको, अशी ती उभी राहिली. शेवटी घेतली. ऊन चांगलंच तापलं होतं. आण्णांनी ग्लास घेतला, तोंडापर्यंत नेला आणि आत बघत राहिले. मी वाकून बघितलं. चहात काही नव्हतं.

"दिसली होती?" आण्णांनी विचारलं.

मी विद्याकडं बघितलं. विद्या खाली मान घालून म्हणाली, "व्हय आण्णा."

आण्णांनी मान हलवली. मग आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघितलं.

"मग?"